सुट्ट्या पैशांतला बाबासाहेबांचा रुपया

गेल्या महिन्यात अमरावतीहून अकोल्याला एसटीने जात होतो. महिलांना अर्धे तिकीट झाल्यापासून कंडक्टर मंडळींच्या जिवाला सुट्ट्या पैशांचा घोर लागलेला असतो. बडनेरा सुटले तरी आमच्या कंडक्टरचे "सुटे काढा, सुटे काढा" चालूच होते. मूर्तिजापूरच्या अलीकडे त्याने आमचे राहिलेले सात रुपये हातावर ठेवले. पाचाचे एक आणि रुपयाची दोन नाणी. त्यातला एक रुपया दुसऱ्यापेक्षा मोठा आणि जड लागला म्हणून उलटून पाहिला, तर बाबासाहेब. १९९० सालचे नाणे.

शेजारी अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा बसला होता. त्याने वाकून पाहिले आणि म्हणाला, "दादा, खर्चू नका हे. लाख रुपये भेटतात याचे. यूट्यूबवर पायलं मी."

हे ऐकून आम्हाला हसू आले नाही, त्याला कारण आहे. अकोल्यातल्या एका वस्तीच्या विहारात आम्ही दर रविवारी अभ्यासवर्ग घेतो. त्या वर्गातल्या एका तरुणाने याच नाण्याचा फोटो मोबाईलवरून कुठल्याशा खरेदीदाराला पाठवला होता. तिकडून तीन लाखांचा भाव आला. मग 'नोंदणी फी' मागितली, ती भरली. मग 'जीएसटी' मागितला, तोही भरला. मग 'रिझर्व्ह बँकेची परवानगी' म्हणून आणखी पैसे मागितले, तेव्हा आईच्या भिशीतले चार हजार आठशे रुपये जाऊन बसले होते. नंबर बंद झाला. नाणे अजून त्याच्याजवळच आहे. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्येच जाहीर केले आहे की, जुनी नाणी-नोटा विकत घेण्याच्या व्यवहारांशी तिचा काही संबंध नाही, त्यासाठी ती कुणाकडून फी किंवा कमिशन घेत नाही आणि तिच्या नावाने पैसे मागणाऱ्यांवर विश्वास ठेवू नये. ही सूचना आमच्या वस्त्यांपर्यंत पोहोचली नाही. लाखाचा व्हिडिओ मात्र पोहोचला.

तरुण मित्रांनो, १९९० चा हा रुपया दुर्मीळ नाही. तो रोजच्या चलनासाठी पाडला होता, म्हणूनच तो अजून एसटीच्या बॅगेतून निघतो. पण त्याची किंमत नाही असे कुणी म्हणेल तर तेही आम्ही मान्य करणार नाही. बाजारातला भाव आणि इतिहासातला पुरावा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या समाजाचा फार थोडा इतिहास कागदावर आहे. ताम्रपट आपल्या नावाचे नव्हते, सनदा नव्हत्या, रोजनिशा नव्हत्या. अशा समाजाने हातात आलेला पुरावा तरी वाचायला शिकले पाहिजे.

तर हे नाणे वाचू. साल १९९०, बाबासाहेबांच्या जन्मशताब्दीसाठी काढलेले. 'भारतरत्न' सुरू झाला १९५४ साली, तेव्हा बाबासाहेब हयात होते. त्यांना तो मिळाला ३१ मार्च १९९० रोजी, महापरिनिर्वाणानंतर तेहतीस वर्षांनी. संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात त्यांचे तैलचित्र लागले १२ एप्रिल १९९० रोजी. आणि याच वर्षी बौद्धांना केंद्रात अनुसूचित जातीच्या सवलती देणारी दुरुस्ती झाली. १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदूच असला पाहिजे अशी अट होती. १९५६ साली त्यात शिखांची भर पडली. त्याच वर्षी नागपूरला ज्यांनी धम्म स्वीकारला त्यांना पुढची चौतीस वर्षे केंद्राच्या दारात उभे राहावे लागले. मंडल आयोगाची घोषणा झाली तीही १९९० च्या ७ ऑगस्टला. म्हणजे तुमच्या खिशातला हा रुपया त्या एका वर्षाचा दाखला आहे. पोस्टरवरचे वर्ष आपल्याला पाठ असते, नाण्यावरचे आपण पाहत नाही. सालाखाली बारीक खूण असते तीही पाहा. चौकट म्हणजे मुंबईची टांकसाळ, चांदणी म्हणजे हैदराबाद, टिंब म्हणजे नोएडा, काहीच नसेल तर कोलकाता.

याउलट दुसऱ्या नाण्याची गोष्ट. ६ डिसेंबर २०१५ रोजी बाबासाहेबांच्या १२५ व्या जयंतीवर्षानिमित्त दोन नाणी निघाली. एक १२५ रुपयांचे, ते संग्रहासाठी. दुसरे दहाचे, ते चलनासाठी. हे दहाचे नाणे घेऊन वऱ्हाडातल्या कुठल्याही बाजारात जा. "दहाचा डॉलर नाई चालत" असे ऐकू येईल. भाजीवाली बाई घेत नाही, ऑटोवाला घेत नाही, पानठेलेवाला तर नाण्याकडे पाहतही नाही. हे नाणे सरकारने बंद केले अशी अफवा आहे. रिझर्व्ह बँकेने २०१६ साली आणि पुन्हा जानेवारी २०१८ मध्ये सांगितले की, दहाच्या नाण्याचे चौदाही नमुने चालू आहेत, रुपयाचे चिन्ह असलेले आणि नसलेलेही. २०११ च्या नाणे कायद्याप्रमाणे एक रुपया आणि त्यावरची नाणी हजार रुपयांपर्यंतच्या देण्याला कायदेशीर आहेत. पन्नास पैसेसुद्धा अजून बंद झालेले नाहीत, दहा रुपयांपर्यंत चालतात. बंद झाले ते पंचवीस पैसे आणि त्याखालचे, ३० जून २०११ पासून.

आमचे काही मित्र म्हणतात की, बाबासाहेबांचे चित्र आहे म्हणूनच हे नाणे नाकारतात. आम्हाला हे पटत नाही. नाकारणारे दहाची सगळीच नाणी नाकारतात, त्यात इतर चित्रांचीही येतात. प्रत्येक गोष्टीला जातीचे लेबल लावले की जिथे खरोखर जात आहे तिथे आपले म्हणणे हलके होते. खरी गोष्ट अशी की, ठोकवाला भाजीवाल्या बाईकडून ते नाणे घेत नाही, म्हणून ती गिऱ्हाइकाकडून घेत नाही. शेवटी ही नाणी साचतात कुणाकडे? ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्याकडे. धुणीभांडी करणारीला मजुरीत दहाची दहा नाणी दिली तर ती घेणार, कारण उद्या पुन्हा त्याच घरी जायचे असते. चलनाचा भरवसा ढासळला की पहिला फटका मजुरी कमावणाऱ्याला बसतो. हे आम्ही आमच्या पदरचे सांगत नाही, शंभर वर्षांपूर्वी बाबासाहेबांनीच ते रुपयावरच्या ग्रंथात मांडून ठेवले आहे. त्याकडे पुढे येऊ.

त्या रविवारी आम्ही वर्गातल्या सगळ्यांना सांगितले की, पुढच्या वेळी येताना घरातली जुनी नाणी घेऊन या. विकायला नाही, दाखवायला. आम्हाला वाटले चार-दोन येतील. सतरंजीवर ढीग झाला. ॲल्युमिनियमची चौकोनी पाच पैशांची, कडेला झालर असलेली दहा पैशांची, षटकोनी तीन पैशांची, कमळाचे पिवळे वीस पैसे. त्याखाली आण्याच्या जमान्यातली चवली, पावली, अधेली. महायुद्धात तांबे वाचवायला मध्ये भोक पाडलेला १९४३ ते ४७ चा पैसा तर पाच घरांतून आला. एका घरी तो करदोट्यात ओवलेला होता. आणि राणीछाप, राजाछाप रुपये, ज्यांना आपल्याकडची म्हातारी माणसे अजून 'कलदार' म्हणतात. हा शब्द बहुतेक पोरांनी पहिल्यांदाच ऐकला. कलदार म्हणजे कळेवर, यंत्रावर पाडलेला. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाकडे होते, मग इंग्रजांनी कर्जाच्या वसुलीपोटी आपल्या ताब्यात घेतले. निजामी हाली शिक्का आणि इंग्रजी कलदार हा भेद त्या काळापासून लोकांच्या तोंडी बसलेला आहे.

नातवाबरोबर आलेली एक आजी भोकाचा पैसा बोटांत फिरवत बसली होती. तिला विचारले, "आजी, आठवते काही?" ती म्हणाली, "आमच्या टायमाले दुकानदार पैसा हातात घ्ये नाई. ओट्यावर ठेव म्हने. मंग त्याच्यावर पानी शिपडे अन् गल्ल्यात टाके. मीठ वरून पदरात टाके." पोरे गप्प झाली. मग तिने जे सांगितले ते आम्ही वहीत लिहून घेतले. "तो पैसा पाटलाच्याच घरचा व्हता ना बावा. मजुरीचा. आमच्या घरी एक रात्र राह्यला तर बाटला."

समाजशास्त्राच्या एम.ए.ला आम्ही शुद्ध-अशुद्धतेवर पानेच्या पाने वाचली. पण पैशाच्या बाबतीतले हे कोडे इतके सरळ कुणी मांडलेले वाचले नाही. धान्य बाटते, पाणी बाटते, भांडे बाटते. भांडे बाटले तर फोडता येते, पाणी ओतून देता येते. पैसा बाटला म्हणून फेकला का कुणी? पाण्याचे चार थेंब पुरत होते. नाणे धुऊन गल्ल्यात जात होते, आणि ते आणून देणारी बाई शंभर आंघोळी करूनही ओट्याच्या खालीच. यावरून दिसते की, ज्या वस्तूत फायदा होता तिच्यासाठी ब्राह्मणी व्यवस्थेने पळवाट ठेवलेलीच होती. शास्त्राची कडकपणाची भाषा माणसापुरती होती.

बाबासाहेबांनी आपल्या आठवणींत १९०१ सालचा प्रवास लिहून ठेवला आहे. वडील खटाव तालुक्यात गोरेगावला दुष्काळी कामावर कॅशियर होते. मुले मसूर स्टेशनावर उतरली, न्यायला कुणी आले नाही. गाडीवाले महारांची पोरे बसवायला तयार होईनात. शेवटी दुप्पट भाडे ठरले, आणि तेही या अटीवर की पोरांनी गाडी हाकायची, गाडीवान बाजूने चालणार. ज्या पोरांचा बाप सरकारी कामावर रोकड सांभाळत होता, त्या पोरांकडून दाम दुप्पट घेतला आणि शेजारी बसणे नाकारले. खिशात पैसा असण्याने जात सुटत नाही, हे बाबासाहेबांना अर्थशास्त्राच्या पदव्यांच्या कितीतरी आधी कळले होते.

मग पैसा हातात येण्याने काहीच झाले नाही का? झाले. आणि हा भाग आपल्या तरुणांनी नीट समजून घेतला पाहिजे, कारण बलुत्याचे गोडवे गाणारे लेख हल्ली पुन्हा दिसू लागले आहेत. 'गावगाडा कसा परस्परांवर अवलंबून होता, पैशाशिवाय सगळे कसे सुखात चालत होते' वगैरे. बलुते म्हणजे पैशाऐवजी पेंढी. वर्षभर सांगावे पोहोचवा, मेलेली ढोरे ओढा, वेशीवर राबा, आणि सुगीला खळ्यावर जाऊन हात पसरा. काम आधी, मोबदला महिन्यांनी, तोही देणाऱ्याच्या मर्जीने. अर्ध्या वर्षात गाव सोडले तर केलेले काम पाण्यात. म्हणजे बलुते हा मोबदला कमी आणि पायातले दावे जास्त. पेंढी देऊन रेल्वेचे तिकीट मिळत नाही, शाळेची फी भरता येत नाही, वर्तमानपत्राची वर्गणी पाठवता येत नाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाचे बिल आणले ते याच गुलामगिरीवर बोट ठेवून. आपले वऱ्हाड तेव्हा मध्य प्रांतात होते, मुंबईचा कायदा इथे लागला नसता. पण खळ्यावरचे हात पसरणे इथेही तेच होते.

वऱ्हाडात हे दावे सैल केले ते कापसाने. १८६१ ते ६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तिकडचा कापूस थांबला, आणि इंग्लंडच्या गिरण्यांना वऱ्हाड आठवले. १८६७ पर्यंत रेल्वे नागपूरला पोहोचली. अमरावती, अकोला, खामगावला सरक्या काढणारे जिन आणि गठाणी बांधणारे प्रेस उभे राहिले. इथे मजुरी नगद होती. आठवड्याच्या शेवटी हातावर पडणारा कलदार गावच्या पाटलाला विचारून मिळत नव्हता. आमच्या वर्गातल्या निम्म्या पोरांचे पणजोबा जिनात, प्रेसमध्ये किंवा रेल्वेच्या गँगमध्ये होते. त्यांच्या वर्गणीच्या आण्या-दोन आण्यांवर वसतिगृहे, सभा, समता सैनिक दल उभे राहिले. अमरावतीच्या अंबादेवी मंदिराचा प्रश्न १९२७ साली पेटला तेव्हा जो समाज ठामपणे उभा राहिला, त्याच्या पोटाची दोरी पूर्णपणे गावाच्या हातात उरली नव्हती. अर्थात नगद आले तसा सावकारही आला, आणि भाव पडले की जिनातला मजूर पहिला बाहेर फेकला गेला. भांडवलशाहीने आपला उद्धार केला असे म्हणण्याइतके आम्ही भोळे नाही. पण खळ्यावरची पेंढी आणि आठवड्याचा रुपया यांतला फरक ज्यांनी पेंढी घेतली नाही त्यांना समजावून सांगावा लागतो.

सतरंजीवरच्या ढिगात एका ठिकाणी पोरे अडकली. 'नया पैसा' म्हणजे काय? साधा पैसा आणि नवा पैसा वेगळा का? उत्तर सोपे आहे. आधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, पैशाच्या तीन पै. रुपयाचे चौसष्ट पैसे. १ एप्रिल १९५७ पासून रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. १ जून १९६४ ला 'नवा' शब्द गळला. आता तारखा शेजारी शेजारी ठेवा. १४ ऑक्टोबर १९५६, नागपूरची धम्मदीक्षा. १ नोव्हेंबर १९५६, राज्य पुनर्रचना, वऱ्हाड मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आले. ६ डिसेंबर १९५६, महापरिनिर्वाण. १ एप्रिल १९५७, नवा पैसा. साडेपाच महिन्यांत आपल्या आजी-आजोबांचा धर्म बदलला, राज्य बदलले, बाप गेला आणि बाजारातली मोजणीही बदलली. आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "हो ना. देव गेले, आणे गेले. समदं त्याच साली."

त्या मोजणीतही गंमत होती, म्हणजे ज्याचे गणित पक्के त्याच्यासाठी गंमत. आण्याचे सव्वासहा नवे पैसे होतात. पण पाव पैसा कुठून द्यायचा? म्हणून सरकारी तक्त्यात एक आण्याला सहा, दोन आण्यांना बारा, तीनला एकोणीस, चारला पंचवीस असे धरले होते. जो एकेका आण्याची खरेदी करतो तो चार वेळा सहा म्हणजे चोवीस मोजतो, जो एकदम चार आण्यांची करतो तो पंचवीस. आणा देऊन नव्या पैशांत सुटे मागणाऱ्याचा पाव पैसा दर वेळी जाणार. छोटी देवघेव कोण करत होते हे सांगायला नको. दीक्षाभूमीवर ज्यांनी पहिल्यांदा बावीस प्रतिज्ञा म्हटल्या त्यांनीच पुढच्या उन्हाळ्यात दुकानात उभे राहून हे नवे गणित शिकले, बहुतेकांनी पाटी-पेन्सिलीशिवाय.

आणि स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या नाण्यांवर काय होते? १९५० पासून राजाचे मुंडके गेले आणि सारनाथचा सिंहस्तंभ आला. पैशावर घोडा, अर्धा, एक व दोन आण्यांवर बैल. हे घोडा-बैल कुठले? सारनाथच्या त्याच स्तंभाच्या बैठकीवर हत्ती, बैल, घोडा, सिंह कोरलेले आहेत, त्यातलेच. धम्मचक्रप्रवर्तनाच्या जागेवरची अशोकाची खूण या देशातल्या प्रत्येक माणसाच्या खिशात गेली, दुकानात पाणी शिंपडणाऱ्याच्याही गल्ल्यात गेली. आमच्या वर्गातल्या एकालाही आपल्या पाच रुपयांवरचे सिंह सारनाथचे आहेत हे ठाऊक नव्हते. दोष त्यांचा नाही. आम्हीच त्यांना सांगितले नव्हते.

आता बाबासाहेबांच्या ग्रंथाकडे. 'द प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा लंडनच्या डी.एस्सी.चा प्रबंध १९२३ साली पुस्तकरूपाने निघाला. त्याला एडविन कॅनन या त्यांच्या प्राध्यापकांची प्रस्तावना आहे, ज्यात ते बाबासाहेबांशी असहमत आहेत हे मोकळेपणाने लिहितात. या ग्रंथाचे नाव आपल्या प्रत्येक भाषणात असते, पण पाने उघडणारे थोडे. त्यामुळे त्याच्या नावावर काहीही खपते. नोटाबंदीनंतर मेसेज फिरला की, दर दहा वर्षांनी चलन बदलावे असे बाबासाहेबांनी लिहिले आहे. ग्रंथ उघडून पाहा, त्यात असा सल्ला नाही. दुसरा मेसेज, रिझर्व्ह बँक बाबासाहेबांनी स्थापन केली. बाबासाहेबांनी डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष दिली हे खरे. त्या आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, १९३४ साली कायदा झाला, १ एप्रिल १९३५ ला बँक सुरू झाली. पण बाबासाहेबांची साक्ष मुख्यतः वेगळ्याच प्रश्नावर होती, आणि तो प्रश्न आपल्या जास्त कामाचा आहे.

तो प्रश्न सतरंजीवरच्या कलदाराकडे पाहून समजतो. १८३५ च्या कायद्याने कंपनी सरकारने १८० ग्रेनचा रुपया ठरवला, बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. कुणीही चांदी घेऊन टांकसाळीत जावे आणि रुपये पाडून आणावे अशी सोय होती. १८९३ साली ती लोकांसाठी बंद झाली. तेव्हापासून रुपयात चांदी कमी किमतीची आणि छाप जास्त किमतीचा. छाप मारण्याचा हक्क फक्त सरकारकडे. बाबासाहेबांचा सवाल असा की, किती रुपये काढायचे हे ज्याच्या मर्जीवर आहे त्याच्यावर लगाम कुणाचा? केन्ससारख्या अर्थशास्त्रज्ञाने त्या व्यवस्थेची पाठराखण केली होती. बाबासाहेबांनी ती खोडून काढली. रुपयाचा पौंडाशी दर स्थिर आहे एवढ्याने भागत नाही, बाजारात रुपयाला किती माल मिळतो ते स्थिर हवे, म्हणून रुपये काढण्यावर पक्की मर्यादा घाला, असे त्यांचे म्हणणे. रुपया घसरला की निर्यात करणारा व्यापारी खूश होतो. पण त्याचा नफा आभाळातून पडत नाही. भाव वाढतात, मजुरी मागे राहते, आणि तो फरक मजुराच्या ताटातून जातो. वऱ्हाडच्या कापसाच्या व्यापाऱ्याला आणि त्याच्याच जिनातल्या मजुराला रुपयाची घसरण सारखी नव्हती, हे यातून सरळ निघते.

पुढे काय झाले ते त्याच ढिगात होते. महायुद्धात, १९४० पासून, सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. १९४७ चा रुपया आला तो निकेलचा, चांदी शून्य. पोरांनी तिन्ही रुपये फरशीवर वाजवून पाहिले. आवाज वेगळा येतो.

जाता जाता आणखी जुन्या नाण्यांबद्दल. १९३९ साली तऱ्हाळा या गावी सातवाहन राजांच्या सुमारे दीड हजार नाण्यांचा साठा मिळाला. तऱ्हाळा तेव्हा अकोला जिल्ह्यात होते, आता वाशीममध्ये. शिसे, तांबे, कथील यांच्या मिश्रणाची ही नाणी, एका बाजूला सोंड उचललेला हत्ती, राजाचे नाव ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत. संस्कृतात नाही. वा. वि. मिराशींनी ती वाचली आणि पुराणांच्या यादीत नसलेले राजे त्यातून बाहेर आले. म्हणजे पुराणांनी गाळलेली नावे शेतातल्या मातीने सांभाळली होती. यावरून 'सातवाहन बौद्ध होते' असे लगेच लिहून टाकू नका. नाणेघाटाच्या लेखात याच घराण्याने यज्ञांच्या दक्षिणेत हजारोंनी कार्षापण वाटल्याची मोजदाद आहे. आणि नाशिकच्या लेण्यात नहपानाचा जावई उषवदात याने तीन हजार कार्षापण दिल्याचा लेख आहे. तोही ब्राह्मणभोजने घालणाराच. पण ही रक्कम त्याने कशी दिली ते पाहा. दोन हजार विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने, एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे पाऊण टक्क्याने. मुद्दल मोडायचे नाही, व्याजातून वीस भिक्खूंची चीवरे. दोन हजारांचे वर्षाचे व्याज दोनशे चाळीस, वीस जणांना बारा-बारा. पोरांनी हे गणित तोंडी केले. विनयाप्रमाणे भिक्खूने सोने-रुपे हाती घ्यायचे नाही, वैशालीच्या दुसऱ्या संगीतीत त्यावरूनच वाद झाला होता. म्हणून पैसा विहारात न जाता विणकरांच्या मागावर राहिला. यज्ञाची दक्षिणा पुरोहिताच्या घरी गेली की संपली.

रोजगार हमीच्या खड्ड्यात, विहीर खोदताना, नाला सरळ करताना आजही फावडे मडक्याला लागते. फावडे बहुधा आपल्याच माणसाच्या हातात असते, आणि भीतीने किंवा मुकादमाच्या धाकाने तो मडके दुसऱ्याच्या स्वाधीन करतो. म्हणून १८७८ चा निखात निधीचा कायदा माहीत असू द्या. दहा रुपयांपेक्षा जास्त किमतीचे पुरलेले धन सापडले तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. न कळवणे गुन्हा आहे. पण पुरणाऱ्याचा वारस निघाला नाही आणि वेगळा करार नसेल तर त्याच कायद्यात सापडवणाऱ्याचा वाटा तीन चतुर्थांश आणि जागेच्या मालकाचा एक चतुर्थांश आहे. सरकारने ते स्वतःकडे घेतले तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा द्यावा लागतो. यूट्यूबवरच्या तीन लाखांपेक्षा हे कलम पाठ करणे फायद्याचे आहे.

पुढच्या रविवारपासून आम्ही एक वही सुरू केली आहे. नाणे, साल, कुणाच्या घरचे, आणि त्या घरातल्या सगळ्यांत म्हाताऱ्या माणसाने त्याबद्दल काय सांगितले, एवढेच रकाने. फसवल्या गेलेल्या त्या तरुणाने पहिल्या पानावर आपला १९९० चा रुपया लिहिला आणि शेजारी चार हजार आठशेचा आकडाही लिहिला, स्वतःहून. एसटीत मिळालेला आमचा रुपया दुसऱ्या पानावर आहे. आजीचा भोकाचा पैसा आम्ही फोटो काढायला मागितला होता, तो परत द्यायचा राहून गेला. दोन दिवसांनी नातू दारात हजर. आजीने निरोप पाठवला होता की करदोट्याचा पैसा आहे तो, आजच्या आज पायजे.